पहिली चिठ्ठी कोण शिकवतं?

औषध कंपन्यांनी डॉक्टरांना काय द्यावं आणि काय देऊ नये, याची मापं आपल्याकडे कागदावर तरी ठरलेली आहेत. केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने १२ मार्च २०२४ रोजी विपणनाची जी समान संहिता काढली, तिच्यात हे सगळं आहे. ब्रँडची आठवण राहावी म्हणून द्यायची वस्तू हजार रुपयांच्या आतली हवी. एका डॉक्टरला एका औषधाची सॅम्पलची पाकिटं वर्षाला बाराच्या वर द्यायची नाहीत. डॉक्टरांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटवस्तू नाहीत, परदेशात परिषदा नाहीत. त्याच्याही आधी मेडिकल कौन्सिलचे २००२ चे आचारनियम होतेच. त्यांत २००९ साली भेटी, प्रवास, पाहुणचार आणि रोख रक्कम यांवर बंदी आली आणि २०१६ साली कितीच्या भेटीला किती शिक्षा तेही लिहिलं गेलं.

या कागदांमध्ये एमबीबीएसचा विद्यार्थी शोधायला जावं तर हाती काही लागत नाही. २००२ चे नियम नोंदणी झालेल्या डॉक्टरांसाठी आहेत, आणि विद्यार्थ्याची नोंदणी व्हायची असते. इंटर्नची होते तीही तात्पुरती. २०२४ ची संहिता लाभ देऊ नये म्हणते ते औषध लिहून द्यायला किंवा पुरवायला पात्र असलेल्या माणसाला. तिसऱ्या वर्षाचा मुलगा यांतला कुणीच नव्हे, त्यामुळे कायद्याला तो दिसत नाही. कंपनीला मात्र स्वच्छ दिसतो, कारण आणखी दोन-तीन वर्षांनी त्याच्या सहीवर औषध खपणार असतं आणि पुढची चाळीस वर्षं खपत राहणार असतं.

माझं म्हणणं या एका फटीपुरतं आहे. डॉक्टर आणि कंपन्या यांच्या व्यवहाराचा निकाल दिल्लीत लागायचा तेव्हा लागो. शिकणाऱ्या मुलांपासून कंपन्यांना लांब ठेवायला दिल्लीची वाट बघण्याचं कारण नाही. ते काम ठाण्यात आणि नवी मुंबईत, ज्याच्या त्याच्या कॉलेजच्या फाटकावर होण्यासारखं आहे.

हे सांगणारा मी ना डॉक्टर, ना प्राध्यापक. ठाण्यात एका रुग्णालयाजवळ माझं औषधांचं दुकान आहे. या शहराला औषध कंपन्यांचं वावडं कधीच नव्हतं. पोखरण रोडला ग्लॅक्सो, बाळकुमला रोश, खाडीपलीकडे तुर्भ्याला फायझर. या कारखान्यांच्या पगारावर ठाण्या-कळव्यातल्या कितीतरी घरांत मुलं शिकली. ग्लॅक्सोची जागा २०१७ साली बिल्डरला विकली गेली. कारखाने गेले तरी कंपन्यांचा माणूस मात्र गेला नाही. पाठीवर नाहीतर हातात जाड बॅग घेतलेले एमआर, म्हणजे कंपन्यांचे औषध-प्रतिनिधी, ट्रान्स-हार्बर लोकलच्या कुठल्याही डब्यात दिसतील. बहुतेक आपल्याच डोंबिवली-कल्याण-बदलापूरची, बीएस्सी नाहीतर बीफार्म झालेली मुलं. त्यांच्याशी माझं भांडण नाही. महिन्याचं टार्गेट त्यांच्या डोक्यावर बसलेलं असतं, आणि ते पूर्ण झालं नाही तर एरिया मॅनेजर काय बोलतो ते मी काउंटरच्या या बाजूने ऐकलेलं आहे.

हा माणूस दुकानात कशाला येतो, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. ऑर्डर घ्यायला तर येतोच. पण स्कीमचं बोलणं झालं की जरा पुढे वाकून विचारतो, "मॅडमचं काय? आपलं येतंय का?" मॅडम म्हणजे समोरच्या इमारतीतल्या डॉक्टर. आपलं म्हणजे त्याच्या कंपनीचं औषध. या चौकशीला धंद्यात आरसीपीए म्हणतात. कोणत्या डॉक्टरची चिठ्ठी कोणत्या ब्रँडची येते, याचा हिशेब डॉक्टरकडून न घेता केमिस्टकडून घ्यायचा. सॅम्पल दिलं, पुस्तक दिलं, त्याचं पुढे काय झालं ते इथे कळतं. भेटीने काही फरक पडत नाही असं म्हणणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने एक दिवस माझ्या काउंटरवर उभं राहावं. फरक पडत नसता तर तो मोजायला कंपनीने पगारी माणूस ठेवला नसता.

अलीकडे या चौकशीत एक प्रश्न वाढलाय: "नवी बॅच आली का?" नवी बॅच म्हणजे इंटर्न आणि नवे रेसिडेंट, रुग्णालयात काम करत पुढचं शिक्षण घेणारे डॉक्टर. जुन्या डॉक्टरचा हात एका ब्रँडवर बसलेला असतो, तो वळवायला वर्षं जातात. नव्याचा हात कुठेच बसलेला नसतो.

मेडिकलचं शिक्षण इथे नेमकं कसं फसतं, ते पाहण्यासारखं आहे. एमबीबीएसच्या दुसऱ्या टप्प्यात फार्माकॉलॉजी येतं. मुलं औषधं शिकतात ती मूळ नावाने: पॅन्टोप्राझोल, टेल्मिसार्टन, ॲझिथ्रोमायसिन. ते कसं काम करतं, कुणाला द्यायचं नाही, कशाबरोबर द्यायचं नाही, हे सगळं पाठ होतं, परीक्षा होते, मार्क मिळतात. मग वॉर्ड आणि ओपीडी सुरू होते. तिथे ही नावं कुणी उच्चारत नाही. तिथे सर ब्रँड सांगतात, सिस्टर ब्रँड मागतात, रेसिडेंट ब्रँड लिहितो. पुस्तकातली नावं आणि वॉर्डातली नावं यांची सांगड घालून देणारा तास वेळापत्रकात नाही. ती सांगड मग कोण घालून देतो? छापील कार्ड घेऊन दाराशी उभा असलेला माणूस. कार्डावर वर ब्रँड, खाली बारीक अक्षरात मूळ नाव, डोस आणि एक हसरं कुटुंब. दमलेल्या इंटर्नला ते कार्ड खरोखर उपयोगी पडतं. कंपनी शिरते ती अशी, उपयोगी पडून. त्यात पाकीट सरकवल्यासारखं काही नसतं.

गेल्या पावसाळ्यात एक इंटर्न मुलगी स्वतःसाठी पित्ताची गोळी घ्यायला आली. ब्रँडचं नाव घेऊन मागितली. ती संपली होती. मी म्हटलं, "डॉक्टर, दुसऱ्या कंपनीचं आहे, पॅन्टोप्राझोल आणि डोम्पेरिडोन, चालेल?" ती थांबली. "काका, त्यात डोम्पेरिडोन असतं?" मी स्ट्रिप उलटी करून दाखवली. डोम्पेरिडोनबद्दल मी काही बोलायच्या आतच तिने मला हृदयाच्या ठोक्यांवर होणारा परिणाम, कोणत्या रुग्णात टाळायचं, कोणत्या अँटिबायोटिकबरोबर धोका वाढतो, सगळं धडाधड सांगितलं. ज्ञानात काडीची कमतरता नव्हती. पण रोज वॉर्डात लिहीत होती त्या नावाच्या आत हे औषध आहे, एवढंच तिच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. हुशार मुलगी होती, दोष तिचा कसा म्हणणार? तिला दोन वेगळ्या भाषांमध्ये शिकवलं गेलं आणि दुसरी भाषा शिकवणाऱ्याचा पगार कंपनी देत होती.

त्या चिठ्ठीचं पुढे काय होतं, तेही सांगायला हवं. औषधविषयक नियमांनुसार शेड्यूल एचमधल्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या, औषधाच्या बाबतीत चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी दुसरं काही द्यायला केमिस्टला मनाई आहे, मग घटक तेच का असेनात. दिव्याहून किंवा मुंब्र्याहून आलेली बाई माझ्यासमोर पैसे मोजत असते, तेव्हा तिच्या हातातल्या कागदावरचं एक नाव तिची खरेदी पक्की करतं. तेच औषध जनऔषधीत कितीतरी स्वस्त मिळेल हे मला माहीत असतं, तिला नसतं, आणि कागद बदलायचा अधिकार आम्हा दोघांनाही नसतो. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोक थेट स्वतःच्या खिशातून करतात. त्या पैशाला वाट इंटर्नशिपमध्ये बसलेल्या सवयी दाखवतात.

"एका पेनाने कुणी विकलं जातं का हो?" हा प्रश्न मला डॉक्टरांनी अनेकदा हसत विचारलाय. विकलं जात नाही, हे खरंच आहे. पण प्रश्न विकण्याचा नाही, झुकण्याचा आहे, आणि त्यावर अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांतल्या तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या ३५२ मेडिकल विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांसमोर लिपिटॉर या कोलेस्टेरॉलच्या औषधाचं नाव छापलेला क्लिपबोर्ड आणि कागद सहज म्हणून ठेवले होते. यांतल्या मायामी विद्यापीठात भेटवस्तूंवर कडक धोरण नव्हतं. तिथल्या चौथ्या वर्षाच्या मुलांचा कल नकळत त्या ब्रँडकडे झुकला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात असं धोरण होतं. तिथे तोच कागद पाहून मुलं उलट सावध झाली. वस्तू सारखीच, वय सारखंच. फरक कॉलेजच्या नियमाचा.

त्याहून बोलका अभ्यास २००१ चा, सॅन फ्रान्सिस्कोच्या रेसिडेंट डॉक्टरांचा. कंपन्यांच्या प्रचाराचा माझ्या चिठ्ठीवर परिणाम होत नाही, असं ६१ टक्के म्हणाले. इतर सहकाऱ्यांवरही असा परिणाम होत नाही, असं म्हणणारे मात्र १६ टक्केच निघाले. म्हणजे बाकीचे भुलतात, मी तेवढा नाही. ठाण्यात कुणी हाच प्रश्न विचारला तर उत्तर फार वेगळं येईल असं मला वाटत नाही. माणसाचा स्वतःबद्दलचा हा भरवसाच कंपन्यांचा सगळ्यात मोठा आधार आहे.

आणि शिकताना लागलेलं वळण टिकतं का? टिकतं. २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात २००४ पर्यंत भेटवस्तूंवर निर्बंध आणलेल्या चौदा अमेरिकी मेडिकल कॉलेजांचे पदवीधर तपासले होते. मानसिक आजारांवर तेव्हा नव्यानेच बाजारात आलेल्या तीन औषधांपैकी दोन औषधं ही मंडळी कमी लिहीत होती. तिसऱ्यात फरक दिसला नाही, तेही सांगितलं पाहिजे. निर्बंध म्हणजे जादूची कांडी नव्हे. पण कॉलेजात असताना दार बंद ठेवलं तर त्याचा काही अंश डॉक्टर झाल्यावरही हातात उरतो, एवढं यावरून म्हणता येतं, आणि मला तेवढं पुरेसं आहे.

आपल्याकडच्या अभ्यासक्रमाला हा धोका अगदीच दिसत नाही असं नाही. २०१९ पासून एमबीबीएसला जो क्षमताधारित अभ्यासक्रम आला, त्यात फार्माकॉलॉजीच्या विद्यार्थ्याला कंपन्यांच्या प्रचारसाहित्याची चिकित्सा करता आली पाहिजे, असं स्पष्ट लिहिलंय. उत्तम. पण त्याच यादीत थोडं पुढे गेलं की दुसरी अपेक्षा आहे: कंपनीच्या प्रतिनिधीशी संवाद असा साधावा की औषधाची अधिकृत माहिती मिळेल. वाचून मी कपाळाला हात लावला. अधिकृत माहिती विकणाऱ्याकडून? मी केमिस्ट आहे, माल विकतो. माझ्याकडून कुणी औषधाबद्दल निष्पक्ष माहितीची अपेक्षा धरली तर मी त्याला चहा पाजीन आणि दुसरीकडे जा म्हणून सांगेन. इथे तर देशाचा अभ्यासक्रमच मुलांना सांगतोय की एमआरशी नीट बोलायला शिका, माहिती मिळेल. हा उद्योगाचा दबाव आहे असं मी म्हणत नाही. ही आपली सवय आहे. एमआर हा वैद्यकीय शिक्षणाचा भाग आहे, हे आपण इतकं धरून चाललोय की त्याला बाहेर ठेवायचं कुणाच्या मनातही येत नाही.

शिक्षकांचं काय? खरी गाठ इथे आहे, आणि बोलायला अवघडही इथेच. विद्यार्थी पेनाला भुलतो त्याहून कितीतरी जास्त सरांना भुलतो. युनिटचे प्रमुख जे लिहितात ते रेसिडेंट लिहितो, रेसिडेंट लिहितो ते इंटर्न. सरांनी ते का निवडलं हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. त्या निवडीमागे कधी चाळीस वर्षांचा अनुभव असतो आणि कधी एखाद्या कंपनीचं व्याख्यानाचं मानधन. समोर बसलेल्या मुलाला दोन्ही सारखंच दिसतं. २०१२ साली संसदेच्या स्थायी समितीने औषध नियंत्रण यंत्रणेवर दिलेल्या अहवालात एक गोष्ट नोंदवली होती. काही औषधांची शिफारस करणारी पत्रं वेगवेगळ्या शहरांतल्या, वेगवेगळ्या संस्थांतल्या तज्ज्ञांकडून आली होती, आणि त्यांची भाषा शब्दाला शब्द जुळत होती. मसुदा एकाच टेबलावर झाला असणार, हे कळायला तज्ज्ञ असायची गरज नाही. अशा पत्रांखाली सह्या करणारे लोक कुणाचे ना कुणाचे सर असतात.

बोस्टनमध्ये हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने असाच एक तास ऐकला. कोलेस्टेरॉलच्या औषधांचे फायदे सांगणाऱ्या प्राध्यापकांना त्याच औषधांच्या कंपन्या सल्लागार म्हणून पैसे देतात, हे त्याने नंतर शोधून काढलं. २००९ साली त्याची मोठी बातमी झाली. अमेरिकेतल्या मेडिकल विद्यार्थ्यांच्या संघटनेने कॉलेजांना कंपन्यांबद्दलच्या धोरणावरून श्रेणी द्यायला सुरुवात केली होती आणि तीत हार्वर्डला चक्क नापासाची श्रेणी मिळाली होती. पुढच्याच वर्षी हार्वर्डने नियम आवळले. आपल्याकडच्या मुलांनी असं काही केलं तर? प्रॅक्टिकलचे मार्क कुणाच्या हातात असतात ते आठवा म्हणजे उत्तर मिळेल. म्हणून हे काम मुलांच्या धैर्यावर सोडून चालणार नाही.

आता आक्षेप. डॉक्टर मंडळींचा पहिला आणि सगळ्यात प्रामाणिक आक्षेप असतो तो दर्जाचा. मूळ नाव लिहून दिलं तर केमिस्ट कुठल्या कंपनीचा माल देईल याचा भरवसा काय? चांगल्या ब्रँडचं नाव लिहिलं तर निदान रात्री झोप तरी लागते. यात तथ्य आहे. जेनेरिकच्या नावाखाली वाटेल तेवढी एमआरपी छापून केमिस्टला भरमसाट मार्जिन देणारा माल बाजारात आहे, तो माझ्याही दारात येतो. पण ब्रँड म्हणजे दर्जा हे समीकरणही खरं नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात लहान मुलं दगावली. त्यांतली कित्येक उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणली होती. त्या खोकल्याच्या औषधाला कोल्ड्रिफ हे ठसठशीत ब्रँडनाव होतं आणि बाटलीत विषारी डायइथिलीन ग्लायकॉल. दर्जा पाहणं हे औषध निरीक्षकाचं आणि प्रयोगशाळेचं काम. ते नीट होत नाही म्हणून ओरड करायला मी डॉक्टरांच्या पुढे उभा राहीन. पण त्यावरचा उपाय म्हणून एकविसाव्या वर्षीच्या मुलाला ब्रँड पाठ करायला लावणं, हे कुठलं तर्कशास्त्र?

शिवाय ब्रँडच्या वाटेने जे शिरतं ते नेहमी पुस्तकात असतंच असं नाही. एका गोळीत दोन-तीन-चार औषधं कोंबलेली मिश्रणं घ्या. केंद्राने मार्च २०१६ मध्ये अशा ३४४ मिश्रणांवर बंदी आणली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ वर. यांतल्या कित्येकांना फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात आधार नव्हता, तरी डॉक्टर ती लिहीत होते, आम्ही विकत होतो. मग ती त्यांना शिकवली कुणी? पुण्याचे डॉ. अनंत फडके आणि लोकविज्ञान संघटना गेली कित्येक दशकं हेच ओरडून सांगताहेत. मराठीत या विषयावर इतकं लिहिलं-बोललं गेलंय की मेडिकल कॉलेजांमध्ये ते पोहोचलं कसं नाही याचं नवल वाटतं.

दुसरा आक्षेप पैशाचा. कंपन्या नसतील तर सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाचे कार्यक्रम, कोण करणार? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत तीस क्रेडिट दाखवावे लागतात. हॉल, जेवण, वक्त्यांचा प्रवास, सगळ्याला पैसे लागतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ च्या नियमांत कंपन्यांच्या पैशावरच्या परिषदांना जायला डॉक्टरांना बंदी घातली, डॉक्टरांच्या संघटना खवळल्या, आणि तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ते नियमच बासनात गेले. २०२४ च्या संहितेची अंमलबजावणीही कंपन्यांच्या संघटनांनी नेमलेल्या समित्यांकडे. तीस डॉक्टरांना मोनॅको आणि पॅरिसला नेल्याबद्दल एका बहुराष्ट्रीय कंपनीवर २०२४ च्या अखेरीस ठपका ठेवला गेला. ठपक्याने कुणाचं काय बिघडतं? सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या फेब्रुवारीत, न्या. उदय लळित आणि न्या. रवींद्र भट यांच्या खंडपीठाने, अशा भेटींचा खर्च करातून वजा करता येणार नाही असं सांगितलं आणि हा खर्च शेवटी औषधाच्या किमतीतच घातला जातो, हेही नोंदवलं. सीएमईचं फुकट जेवण माझ्या काउंटरवरची बाई भरते, एवढाच त्याचा अर्थ.

तरीही डॉक्टरांच्या सीएमईचा गुंता मी बाजूला ठेवतो, कारण विद्यार्थ्याला हा आक्षेप लागूच पडत नाही. त्याला क्रेडिट गोळा करायचे नसतात. त्याच्या शिक्षणाचे पैसे आधीच भरलेले असतात, सरकारी कॉलेजात करदात्याने आणि अभिमत विद्यापीठात आईबापांनी. नवी मुंबईत नेरूळला आणि कामोठ्याला खासगी मेडिकल कॉलेजं आहेत. अभिमत विद्यापीठातल्या एमबीबीएसची वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे जाते. एवढे पैसे घेऊन वार्षिक महोत्सवाच्या मांडवावर, क्विझच्या बक्षिसावर, सेमिनारच्या बिर्याणीवर कंपनीचं नाव लागत असेल तर त्याला गरज म्हणता येणार नाही.

ठाणे महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय कळव्याला आहे, छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला जोडून. मालक महापालिका, पैसे ठाणेकरांचे, रुग्ण ठाणे-कळवा-मुंब्र्यापासून पार शहापूरपर्यंतचे, आणि त्यांतल्या बहुतेकांना बाहेरून औषध घ्यायला लागलं की पोटाला चिमटा बसतो. अशा ठिकाणी सुरुवात करायला आयुक्तांच्या एका परिपत्रकापलीकडे काय लागतं? कंपनीच्या प्रतिनिधीने ओपीडीत, वॉर्डात, वसतिगृहात विद्यार्थ्यांना आणि इंटर्नना भेटायचं नाही. सल्लागार डॉक्टरांना भेटायचं तर ठरलेल्या वारी, ठरलेल्या खोलीत, मुलं नसताना. विद्यार्थ्यांच्या कुठल्याही कार्यक्रमाला कंपनीचा पैसा नाही, मग तो दहा हजारांचा का असेना. कंपनीचं नाव असलेलं एप्रन, पेन, डायरी, ओळखपत्राची दोरी वॉर्डात नको. आणि ज्या शिक्षकाला एखाद्या कंपनीकडून मानधन मिळतं, त्याने त्या आजारावरच्या तासाला पहिल्याच स्लाइडवर ते लिहावं. मानधन घेऊ नका असं मी म्हणत नाही, फक्त मुलांना ते कळू द्या.

पण नुसतं दार बंद करून भागणार नाही. एमआर जी पोकळी भरतो ती कॉलेजने भरली नाही तर तो खिडकीतून येईल. खरं तर आलाच आहे, मोबाइलमध्ये. वेबिनारच्या लिंका आणि ग्रुपवर फिरणारी रंगीत पोस्टर यांना फाटकावरचा वॉचमन अडवू शकत नाही. म्हणून दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे: रुग्णालयाच्या स्वतःच्या औषधांची यादी, मूळ नाव, परिसरात मिळणारे ब्रँड आणि प्रत्येकाची किंमत शेजारी शेजारी मांडून, प्रत्येक इंटर्नच्या हातात पहिल्या दिवशी. फार्माकॉलॉजीच्या प्राध्यापकांनी दुसऱ्या वर्षानंतर विद्यार्थ्यांना सोडून देऊ नये. आठवड्यातून एकदा त्यांनी ओपीडीत बसावं, इंटर्नने लिहिलेल्या पाच-दहा चिठ्ठ्या समोर ठेवाव्यात आणि विचारावं: हे का, यातच का, याच्या निम्म्या किमतीत काय आहे? असा तास मी पाहिलेला नाही, पण तो घ्यायला एक टेबल आणि तासभर वेळ याहून जास्त काही लागेलसं वाटत नाही. किमतींची यादी हवी असेल तर परिसरातला कुठलाही केमिस्ट देईल. मी देईन. फक्त मी दिलेले दर दुसऱ्या दोन दुकानांत ताडून पाहा, कारण मीही विकणाराच आहे.

हे मी एका ओळखीच्या एमआरला सांगितलं. नेरूळ-कामोठे पट्ट्यात फिरतो, लग्न नुकतंच झालंय. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "काका, बंद झालं तर सगळ्या कंपन्यांना बंद होऊ दे. एकट्याने जायचं बंद केलं तर साहेब विचारतात, समोरचा जातो, तू का नाही?" त्याची अडचण मला पटली. एका कॉलेजने एका कंपनीला अडवून काही होत नाही, सगळ्यांना एकच नियम लावला तर त्या मुलालाही हायसं वाटेल. ठाण्याच्या पालिकेने कळव्यात हे केलं तर नवी मुंबईतल्या खासगी कॉलेजांना सबब उरणार नाही, आणि तिथल्या पालकांना विचारायला आधार मिळेल. प्रवेशाच्या दिवसांत ही मंडळी वसतिगृह, मेस आणि बस यांची कसून चौकशी करतात. औषध कंपन्यांबद्दल तुमचं धोरण काय, ते लेखी दाखवा, ही मागणीही तिथेच, फी भरायच्या आधी, त्याच खिडकीवर करता येईल.